रिफ्रॅक्टोमीटर १.७६ दाखवतो, मग खडा नीलमच का नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला राहणाऱ्या तुमच्या आत्याला तिच्या वृद्ध शेजारणीने एक जुनी अंगठी दिली. तिच्यातला ०.९२ कॅरटचा निळा खडा सैल होऊन निघाला आणि तो तुम्ही दादरला आणलात. पहिल्या सराफाने रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खड्यात शिरताना उजेड किती वळतो तो आकडा (अपवर्तनांक) मोजणाऱ्या उपकरणावर, १.७६ वाचून नीलम सांगितला. दुसऱ्याला भिंगातून मागचे पैलू दुहेरी दिसले, त्याने झिरकॉन म्हटलं. तिसऱ्याने अतिनील दिव्याखाली धरला, खडा निळसर पांढरा पेटला, म्हणून त्याने कृत्रिम नीलम ठरवून तो परत दिला. शेजारीणबाई मात्र म्हणायच्या की दगड ‘इथल्याच डोंगरातला’ आहे. यातलं खरं कुणाचं, असं तुम्ही विचारलंय.

तिघांनी जे पाहिलं ते बरोबरच असणार. गंमत अशी की प्रत्येकाचं निरीक्षण दुसऱ्याचा निष्कर्ष खोडून काढतं. नीलमात पैलू असे ठळक दुहेरी दिसत नाहीत, मग तो नैसर्गिक असो वा कृत्रिम. म्हणजे दुसऱ्या सराफाच्या भिंगाने पहिला आणि तिसरा दोघेही बाद होतात. झिरकॉनचे अपवर्तनांक १.९२ ते १.९८ असतात, ते सराफी रिफ्रॅक्टोमीटरच्या आवाक्याबाहेर, तिथे १.७६ ची कड (उपकरणाच्या पट्टीवरची उजेड-सावलीची सीमा) दिसायलाच नको. म्हणजे पहिल्याच्या उपकरणाने दुसरा बाद. तिन्ही निरीक्षणं एकाच खड्यात बसवायची असतील तर माझ्यासमोर एकच नाव येतं: बेनिटोइट, कॅलिफोर्नियात मिळणारं दुर्मीळ निळं रत्न. कॅलिफोर्नियाचा पत्ता जुळतोय म्हणून हुरळून जायचं कारण नाही, तरी तो जुळतोय हेही खरं.

खरी गोम त्या १.७६ मध्ये आहे, तेव्हा तिथे जरा थांबतो. नीलम म्हणजे कुरुंद, अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड. त्यात शिरलेला उजेड दोन किरणांत दुभंगतो, म्हणून त्याचे दोन अपवर्तनांक १.७६२ आणि १.७७०, फरक जेमतेम ०.००८. बेनिटोइटचे १.७५७ आणि १.८०४, फरक ०.०४७, म्हणजे नीलमाच्या जवळपास सहापट. पुस्तकात वाचताना या दोघांची गल्लत कशी होईल असं वाटतं. दुकानात ती सहज होते. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर जो थेंब टाकतात, त्या द्रवाचा स्वतःचा अंक १.७९ किंवा १.८१ च्या आसपास असतो, आणि त्याच्या वरचं काहीही उपकरणाला दिसत नाही. द्रव १.७९ चा असेल तर बेनिटोइटची वरची कड पूर्ण वर गेल्यावर गायबच होते. १.८१ चा असला तरी ती द्रवाच्या स्वतःच्या कडेला इतकी चिकटून येते की घाईत पाहणारा तिला द्रवाचीच कड समजतो. उरते खालची १.७५७. पांढऱ्या उजेडात धूसर दिसणारी ती कड १.७६ म्हणून वाचली जाते आणि पावतीवर ‘नीलम’ लिहिलं जातं.

यावर उपाय त्याच उपकरणात आहे. पिवळा एकरंगी उजेड वापरा, आयपीसवर पोलरॉइड (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी चकती) चढवा आणि टेबल, म्हणजे वरचा मोठा पैलू, काचेला लावून खडा थोडा थोडा फिरवत न्या. प्रत्येक थांब्यावर पोलरॉइड वळवून दोन्ही कडा वाचा. एक कड हलणार नाही, दुसरी हलेल. नीलमात वरची कड, १.७७० ची, जागेवर राहते आणि खालची किंचित हलते. बेनिटोइटमध्ये याच्या उलट: १.७५७ ची खालची कड खिळलेली असते आणि वरची लांब पल्ल्यावर वरखाली फिरते. टेबल स्फटिकाच्या ऑप्टिक अक्षाला (ज्या दिशेने जाताना उजेड दुभंगत नाही तिला) समांतर कापलेलं असेल, तर ती फिरती कड पार १.७५७ पर्यंत उतरते आणि मग पुन्हा वर जाऊन दिसेनाशी होते. मधल्या वाटेवर ती १.७७ किंवा १.७८ ला साध्या १.७९ च्या द्रवातही स्पष्ट सापडते. ती सापडली तर नीलमाचा विषय संपला. खडा एकाच स्थितीत ठेवून, एकच आकडा टिपून काढून घेणं ही आपल्याकडची रोजची पद्धत आहे. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्यामुळे सराफाला फार दोष देता येत नाही.

टेबल अक्षाला समांतर असेल असं मी का धरतो? त्याचं कारण रंगात आहे. बेनिटोइटला अक्षाच्या दिशेने पाहिलं तर तो जवळजवळ रंगहीन दिसतो. त्याचा सगळा निळा रंग अक्षाला समांतर कंप पावणाऱ्या किरणात असतो. म्हणून पैलू पाडणारा कारागीर रंग वर दिसावा यासाठी टेबल अक्षाला समांतर ठेवतो. नीलमाचा चांगला निळा अक्षाच्या दिशेने दिसतो, त्यामुळे तिथे टेबल शक्यतो अक्षाला काटकोनात असतं. याचा दुसरा परिणाम तुमच्या दुसऱ्या सराफाने पाहिला. दुहेरी प्रतिमा अक्षाला काटकोनात पाहताना सर्वांत ठळक असते आणि अक्षाच्या दिशेने पाहताना नाहीशी होते. म्हणजे नीट कापलेल्या बेनिटोइटच्या टेबलातून १० पट भिंगाने पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा जोडीने दिसतात. नीलमाच्या टेबलातून पाहताना मुळात क्षीण असलेलं हे दुहेरीपण त्या दिशेमुळे आणखी नाहीसं होतं.

झिरकॉनचा संशय मात्र मूर्खपणाचा नव्हता. निळ्या झिरकॉनमध्येही मागचे पैलू दुहेरी दिसतात, फायर म्हणजे रंगांची चमचम भरपूर असते, आणि डायक्रोस्कोपमध्ये (दुभंगलेल्या दोन किरणांचे रंग शेजारी शेजारी दाखवणाऱ्या नळीत) एका खिडकीत निळा, दुसऱ्या खिडकीत जवळजवळ रंगहीन असंच दिसतं. बेनिटोइटचं अपस्करण, म्हणजे उजेडातले रंग वेगळे करण्याची ताकद, ०.०४६, हिऱ्याचं ०.०४४, निळ्या रंगाखाली ते दबलेलं असतं, तरी फिकट खड्यात डोळ्यांत भरतं. म्हणून डायक्रोस्कोप या जोडीत काही ठरवत नाही. नीलम वेगळा काढायला तो उत्तम, कारण त्यात जांभळट निळा आणि हिरवट निळा असे दोन्ही रंगीतच चौकोन दिसतात. झिरकॉन वेगळा काढायचा असेल तर वजन करा.

वजनाची परीक्षा आपल्याकडे फार कमी लोक करतात आणि मला ती सगळ्यांत आवडते. खडा आधी हवेत तोला, मग बारीक तारेच्या झोळीत ठेवून पाण्यात बुडवून तोला. हवेतलं वजन भागिले पाण्यात घटलेलं वजन म्हणजे विशिष्ट गुरुत्व. बेनिटोइटचं ३.६५ च्या आसपास, नीलमाचं ४.००, झिरकॉनचं सुमारे ४.७. तुमच्या ०.९२ कॅरटच्या खड्याचं पाण्यातलं वजन बेनिटोइट असल्यास ०.२५२ ने घटेल, नीलम असल्यास ०.२३० ने, झिरकॉन असल्यास ०.१९६ ने. सराफाचा काटा शतांश कॅरट दाखवतो. त्यावर झिरकॉन स्पष्ट वेगळा पडतो, पण नीलम आणि बेनिटोइट यांच्यात फक्त दोन अंकांचं अंतर उरतं, आणि खड्याला चिकटलेला हवेचा एक बुडबुडा तेवढं सहज खातो. सहस्रांश कॅरटचा काटा मिळवा, पाणी उकळून गार केलेलं घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाका आणि खडा बुडाल्यावर ब्रशने बुडबुडे पुसून काढा. जड द्रवांच्या भानगडीत पडू नका. मिथिलीन आयोडाइड ३.३२ चं असतं, त्यात हे सगळेच खडे बुडतात. त्याहून जड असलेल्या क्लेरिसी द्रावणात थॅलियम असतं, ते विष आहे.

आता तिसऱ्या सराफाचा दिवा. २५४ नॅनोमीटरच्या लघुलहरी अतिनील उजेडात बेनिटोइट प्रखर निळा किंवा निळसर पांढरा पेटतो. रचनेतल्या टायटॅनियमभोवतीच्या ऑक्सिजनच्या गटातून तो प्रकाश येतो. ३६५ च्या दीर्घलहरी दिव्याखाली निळा बेनिटोइट मात्र सहसा थंड राहतो. अडचण अशी की जुन्या पद्धतीने ज्वालेत वितळवून केलेला कृत्रिम निळा नीलमही लघुलहरीत पांढुरका निळसर दिसतो, आणि तापवलेले काही श्रीलंकन नीलमसुद्धा. फरक जोराचा आहे. कृत्रिम नीलमाची झाक पृष्ठभागावर खडूची भुकटी लागल्यासारखी, मंद असते. बेनिटोइट अंधाऱ्या खोलीत आतून बाहेरून उजळतो. शेजारी ओळखीचा कृत्रिम नीलम ठेवून पाहिलं तर शंका राहत नाही. नोटा तपासायच्या स्वस्त बॅटरीवर हे करू नका. तिचा उजेड दीर्घलहरी असतो आणि त्यात जांभळा प्रकाश इतका मिसळलेला असतो की साधी काचही चमकल्याचा भास होतो. खरा लघुलहरी दिवा असेल तर डोळ्यांना संरक्षक चष्मा लावा.

कृत्रिम नीलमाबद्दल अजून एक. त्याच्या आत मायक्रोस्कोपखाली वक्र रेषा आणि वायूचे गोल बुडबुडे शोधतात. दागिन्यांच्या बाजारात कृत्रिम बेनिटोइट येत नाही, तेव्हा तो बेनिटोइट ठरला की ‘असली की नकली’ हा प्रश्न मागे राहत नाही. तापवण्याचा राहतो, पण तोही निळ्या खड्याला लागू नाही: फिकट, रंगहीन बेनिटोइट तापवून केशरी केल्याची उदाहरणं आहेत.

बाकीचे निळे उमेदवार भराभर. काकानीली म्हणून विकला जाणारा आयोलाइट १.५४ ते १.५५ वर वाचतो, फार खाली. टांझानाइट १.६९ ते १.७०. निळा कृत्रिम स्पिनेल १.७२८ ला एकच कड देतो. कायनाइटचं गुरुत्व बेनिटोइटच्या अगदी जवळ, पण अपवर्तनांक १.७१ ते १.७३. ग्रँडिडिएराइट आणि जेरेमेजेवाइट ही दुर्मीळ नावं हल्ली लोक हौसेने घेतात, दोन्ही १.६६ च्या आत संपतात. कुणी तुम्हाला पुण्याजवळच्या वाघोलीचा कॅव्हनसाइट सुचवला तर हसून सोडून द्या. तो निळा सुंदर आहे, जगभरच्या संग्रहात आपल्या दगडखाणींचं नाव त्याने नेलं, पण तो ३ ते ४ कठीणतेचा (हिऱ्याची १०) संग्राहकांचा नमुना, अंगठीतला खडा नव्हे.

आता शेजारीणबाईंचा डोंगर. १९०७ साली मध्य कॅलिफोर्नियातल्या सॅन बेनिटो काउंटीत, न्यू इड्रियाच्या पाऱ्याच्या खाणींच्या परिसरात, धातू शोधत फिरणाऱ्यांना हे निळे स्फटिक सापडले. त्यांनाही ते नीलमच वाटले होते. नमुने बर्कलीच्या विद्यापीठात जॉर्ज लाउडरबॅक यांच्याकडे पोचले. हे नवं खनिज असल्याचं त्यांनी दाखवलं आणि काउंटीवरून त्याला नाव दिलं. रसायन बेरियम, टायटॅनियम आणि सिलिकेट यांचं. स्फटिकशास्त्रवाल्यांना आनंद वेगळाच झाला. स्फटिकांचे ३२ वर्ग गणिताने १८३० मध्येच जर्मन शास्त्रज्ञ हेसेलने मांडले होते, त्यातल्या एका त्रिकोणी वर्गाचं नैसर्गिक उदाहरण तोवर मिळत नव्हतं, ते बेनिटोइटने दिलं. स्फटिक पांढऱ्या नॅट्रोलाइटच्या शिरांमध्ये काळ्या नेपच्यूनाइटसोबत असतात, आणि नॅट्रोलाइट आम्लात विरघळवून ते मोकळे करतात. बेनिटोइट जपानसह आणखी काही ठिकाणी मिळतो, पण पैलू पाडण्याजोगा माल जवळजवळ सगळा याच एका ठिकाणचा. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला राज्याचं रत्न केलं. खाणीतलं व्यापारी काम आता बंद आहे. कापलेले बहुतेक नग एक कॅरटच्या आतले असतात, त्यामुळे ०.९२ हा लहान खडा समजू नका. (आत्याला टिकाव घेऊन तिकडे पाठवू नका, त्या डोंगरात अ‍ॅस्बेस्टॉस आहे.)

एवढं जुळलं तरी किमतीच्या दृष्टीने प्रयोगशाळेचा कागद लागेलच, कारण एक कॅरटच्या आसपासच्या चांगल्या बेनिटोइटला कॅरटमागे हजारो डॉलर मोजले जातात. तिथे काय मागायचं ते सांगतो.

स्पेक्ट्रोस्कोपीने उत्तर मिळेल, असं तुम्ही ऐकलंय. कुठली स्पेक्ट्रोस्कोपी, यावर ते अवलंबून आहे. हातात धरायच्या छोट्या स्पेक्ट्रोस्कोपमध्ये लोहयुक्त नैसर्गिक नीलम ४५० नॅनोमीटरला काळी पट्टी दाखवतो, झिरकॉन ६५३.५ ला रेषा दाखवतो. बेनिटोइट ओळख पटवणारी एकही रेषा दाखवत नाही. यूव्ही-व्हिजिबल शोषणाचा आलेख दिसायला छान आणि या कामात सगळ्यांत कमी उपयोगी. नीलमात आणि बेनिटोइटमध्ये दोन्हीकडे पिवळ्या-तांबड्या भागात रुंद शोषण असतं, म्हणूनच दोघे निळे दिसतात. ध्रुवीकृत प्रकाशात दोन दिशांचे वेगळे आलेख काढले तर बेनिटोइट उघडा पडतो, कारण एका दिशेत शोषण जवळपास नाहीसं होतं. पण मघाशी डायक्रोस्कोपने फुकटात दाखवलं तेच हे.

काम करतो तो रामन. खड्यावर लेझर टाकतात, विखुरलेल्या प्रकाशातला फार थोडा भाग रेणूंच्या कंपनाइतकी ऊर्जा देऊन-घेऊन परत येतो, आणि त्या बदलांचा आलेख प्रत्येक खनिजाचा आपला असतो. कुरुंदाची सर्वांत ठळक रेषा सुमारे ४१८ ला (एकक सेंटिमीटरमागे लहरी) आणि ७५० च्या पुढे त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नाही. बेनिटोइटमध्ये तीन सिलिकॉनची वलयं आहेत, त्यांच्या ताणाची कंपनं ९०० च्या पुढे जोरात उमटतात. दोन मिनिटांचं काम, खड्याला ओरखडाही नाही. ५३२ च्या हिरव्या लेझरने पाहिलं तर आणखी एक खूण मिळते: निळ्या नीलमातही सापडणारं किंचित क्रोमियम ६९४ नॅनोमीटरजवळ तांबड्या रेषांची जोडी देऊन जातं.

दुसरी परीक्षा एक्सआरएफ: खड्यावर एक्स किरण टाकले की प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरावीक ऊर्जेच्या रेषा देतं. इथे मात्र तंत्रज्ञाला एक सूचना द्या. बेरियमची एल-अल्फा रेषा ४.४७ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट) आणि टायटॅनियमची के-अल्फा ४.५१ केईव्ही, दोन्ही जवळजवळ एकमेकांवर पडतात. यंत्र आपोआप मूलद्रव्यं लावत असेल तर ते सगळं टायटॅनियमच्या नावावर खपवू शकतं. एक्स किरणांची ट्यूब ५० केव्हीवर (किलोव्होल्ट) चालवून बेरियमच्या ३२ केईव्हीजवळच्या के रेषा पाहायला सांगा. तिथे टायटॅनियमची लुडबुड नाही. बेरियम आणि टायटॅनियम दोन्ही भरपूर आणि अ‍ॅल्युमिनियम नाही, असं आलं की कुरुंदाचा प्रश्नच उरत नाही. हॉलमार्किंग केंद्रातलं सोन्याचं यंत्रही एक्सआरएफच आहे, पण त्याचा प्रोग्रॅम सोनं-चांदी-तांब्यासाठी लावलेला असतो. त्यात खडा ठेवून आलेल्या कागदाला काही अर्थ नाही.

लेझरने सूक्ष्म खड्डा पाडून करायची महागडी मास स्पेक्ट्रोमेट्री कुणी सुचवली तर नको म्हणा. ती नीलमाचं मूळ ठरवायला, काश्मीरचा की श्रीलंकेचा, कामी येते. बेनिटोइटचा गाव जवळपास एकच असल्यामुळे त्यासाठी पैसे घालवण्यात हशील नाही. मुंबईत बीकेसी आणि ऑपेरा हाऊस भागात रामन असलेल्या प्रयोगशाळा आहेत. खडा देण्याआधी फोनवर रामन आहे का, हे स्पष्ट विचारा आणि खडा सुटाच द्या. कोंदणात बसवल्यावर वजन करता येत नाही. अहवालावर खनिजाचं नाव, वजन, मापं, दोन्ही अपवर्तनांक आणि फोटो आहे ना, हे तिथेच वाचून घ्या. ‘निळा नैसर्गिक खडा’ एवढंच लिहिलेला कागद परत करा.

कुणाच्याही सांगण्यावरून ओरखडा काढून पाहू नका. बेनिटोइटची कठीणता ६ ते ६.५ आहे, नीलमाची ९. घरातल्या धुळीतली वाळूसुद्धा ७ ची असते, तीच त्याच्या पैलूंच्या कडा झिजवते. तुमच्या खड्याच्या कडा भिंगाखाली गुळगुळीत झालेल्या दिसतात का, हे पाहून मला कळवा. जुन्या अंगठीतल्या नीलमाच्या कडा सहसा अशा झिजत नाहीत. अल्ट्रासॉनिक सफाई टाळा, कोमट साबणपाणी पुरे. सोनाराला दांड्यावर डाग मारायचा असेल तर खडा आधी काढून घ्यायला लावा.

शेवटी तुम्ही विचारलंत, शनीसाठी घालायला चालेल का. ज्योतिषी नीलम सांगत असतील तर हा नीलम नव्हे, त्यामुळे तो हिशेब त्यांच्याकडेच पुन्हा लावा. माझ्याकडून इतकंच की अंगठीत परत बसवू नका. बोटातला खडा दिवसभर दारं, टेबलं, नळ यांना आपटतो. आत्याला पेंडंट करून द्या, भोवती थोडं उंच कोंदण आणि मागे उघडं, म्हणजे उजेड आत येईल आणि पुढच्या वेळी कुणाला तपासायचा झाला तर मागूनही पाहता येईल.